वीतभर वरचा सांधा

यात्रेचं मटण अजून पातेल्यात शिल्लक होतं, आणि विजयसिंहानं बागेचा निकाल लावूनसुद्धा टाकला होता.

क्रांती चंदगडहून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं माहेरी पोचली तेव्हा सोप्यात चहा होऊन गेला होता. कप रिकामे होते. तिची वाट कुणी बघितली नव्हती. खाली झऱ्याच्या अंगाला कसलंसं यंत्र घरघरत होतं. रस्त्याचं काम निघालं असेल असं समजून तिनं पायातल्या चपला काढल्या.

"बरं झालं आलीस," तिचा भाऊ विजयसिंह म्हणाला. "तुला सांगायचंच हुतं. बाग काढायची ठरलीया."

"कुणाचं ठरलंय?"

"सगळ्यांचं."

सगळे म्हणजे कोण, हे तिनं उभ्या उभ्याच बघून घेतलं. आबा, म्हणजे तिचे वडील केरबा गावडे, भिंतीकडच्या बाकावर बसले होते आणि स्वतःच्या पायांकडे बघत होते. एके काळी हा माणूस बोलायला लागला की खालच्या आळीत ऐकू जायचं. वर्षाराणी वहिनी परातीत लसूण सोलत होती. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, यात्रेला आली की नखं पिवळी करून जायची. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शालूआत्ती. आबांची ही धाकटी बहीण नवरा गेल्यावर विसाव्या वर्षी माहेरी परत आली होती, आणि तेव्हापासून तिची जागा तीच. सगळं ऐकू येईल इतकी जवळ, पण कुणी विचारणार नाही इतकी बाजूला.

"काढून काय करणार?" क्रांतीनं विचारलं.

"गोव्याकडनं येणारी माणसं घाटात राहायला जागा हुडकतात. सहा खोल्या, म्होरं अंगण, चुलीवरचं जेवण. माझा शाहूपुरीतला पार्टनर तयार हाय." विजयसिंह काजूचा व्यापारी होता, त्यामुळे दुखऱ्या जागी बोट ठेवायची त्याला सवय होती. "क्रांते, तीनशे अकरा झाडं लावलती आबांनी. चार वर्सांत किती गेली, तूच सांग."

"अठ्ठ्याण्णव."

"मग? अजून बी जातील. मी कारखान्याला काजू पुरवतो तो निम्मा आफ्रिकेतनं येतोय. आपल्या बागेवाचून कुणाचं अडलंय?"

ती अठ्ठ्याण्णव झाडं रोठ्यानं खाल्ली होती. अंगठ्याएवढी पांढरी अळी बुंध्याच्या सालीत शिरते, आतल्या आत गोल कुरतडत जाते, आणि वरनं बघणाऱ्याला पत्ता लागतो तो पानं पिवळी पडल्यावर. तोवर झाड गेलेलं असतं. आबांनी तारेनं अळ्या ओढून काढल्या, बुंध्यांना औषधं फासली, दोन उन्हाळे गुडघ्यावर बसून काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात ते बागेत जायचेच थांबले. क्रांतीला अठ्ठ्याण्णव झाडांपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

तिची स्वतःचीही इभ्रत पणाला लागली होती. सासरच्या घरामागं दोन गुंठ्यांत हिरव्या जाळीखाली ती काजूची कलमं बांधायची. पाच गावचे शेतकरी न्यायचे. आता त्यांच्याही बागांत रोठा शिरला होता, आणि परवाच्या बाजारात एकानं चारचौघांत विचारलं होतं, "ताई, तुमची कलमं म्हंजे किड्याला जेवण हाय की काय?"

तिनं पिशवीतनं वही काढली आणि परातीशेजारी ठेवली.

"दादा, अठ्ठ्याण्णव गेली खरी. पण कुठली गेली ते बघितलंस? खालच्या दोनशे ऐंशीतली शहाण्णव गेली. वरच्या बांधावर एकतीस हाईत, त्यातली फकस्त दोन."

"वरची जमीन निचऱ्याची हाय. पाणी ठरत न्हाय, म्हणून किडा न्हाय. त्यात काय एवढं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गेली दोन वर्षं क्रांतीनं स्वतःचीही समजूत अशीच घातली होती.

"मला बी तसंच वाटत हुतं," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यापर्यंत. खालच्या पट्ट्यात, विहिरीच्या वाटेला एक झाड हाय. त्याच्या चारी अंगाची झाडं वाळून कोळ झालीत. ते मात्र ठणठणीत. जमीन तीच, पाणी तेच."

"एखादं वाचतं की नशिबानं."

लसूण सोलायचा थांबला. "एकच झाड नशिबानं वाचेल," वर्षाराणी म्हणाली, "पण वरची एकोणतीस आणि हे एक, सगळीच नशिबानं? वही बघू."

विजयसिंहानं बायकोकडे बघितलं. रात्री झोपताना ती त्याच्या बाजूनं होती, सकाळी चहालाही होती. आता तिनं वही मांडीवर घेतली होती आणि चष्मा वर सरकवला होता. शाळेतल्या पोरांना हा चष्मा सरकला की घाम फुटायचा.

"आबा," वर्षाराणीनं विचारलं, "ही सगळी रोपं एकाच ठिकाणची होती?"

"एकाच ट्रकातनं उतरली," आबा पायांकडे बघतच म्हणाले. "सरकारी कलमं. कोकणातनं आणलती. ह्या हातांनी लावली."

उंबऱ्यावर काहीतरी हाललं. क्रांतीनं वळून बघितलं तर शालूआत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"चला, बागेत जाऊ," वर्षाराणी उठली. "वहीत बघण्यापेक्षा झाडच बघू."

विजयसिंह नाइलाजानं निघाला. आबा उठतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण सुनेनं काठी आणून हातात दिली आणि ते उठले. लेकीनं सांगितलं असतं तर उठले नसते.

विहिरीच्या वाटेवरचं ते झाड सगळ्यांनी बघितलं. आजूबाजूला वाळलेली खोडं, आणि मधे हे, तांबड्या बोंडांनी लगडलेलं. क्रांती बुंध्यापाशी बसली. जमिनीपासून चार बोटांवर सालीत एक भोक होतं, आणि त्यातनं तपकिरी डिंक वाहून दगडासारखा झाला होता. तिनं कोयत्याच्या टोकानं तो फोडला. आत, मधात अडकलेल्या मुंगीसारखी, एक बारकी अळी वाळून बसली होती.

"बघा. आत शिरायला गेली आणि डिंकात मेली," ती म्हणाली. "दुसऱ्या झाडांना डिंक येतो, पण उशिरा येतो. अळी आत गेल्यावर. हे झाड साल कुरतडल्या कुरतडल्या धार सोडतंय. औषध न्हाय, काय न्हाय. हे त्याच्या अंगातच हाय."

"मग हे झाड वेगळ्या जातीचं आहे?" वर्षाराणीनं विचारलं.

"तिथंच तर घोडं अडलंय. फळ तेच, पान तेच, बी तेच. वरनं कायच फरक न्हाय."

"वरनं न्हाय," मागनं आवाज आला.

शालूआत्ती बागेत आली होती. घरात माणसं बसली असताना ती कधी बाहेर पडत नसे. ती पुढं आली, क्रांतीशेजारी खाली बसली आणि बुंध्यावर एक वीत मोजून तिनं बोट ठेवलं. तिथं सालीला एक आडवी गाठ होती. गाठीच्या वरची साल गुळगुळीत, खालची खरबरीत आणि काळपट. क्रांतीनं ती गाठ शंभरदा बघितली होती. जुन्या झाडाला गाठी असतातच.

"सरकारी कलमाचा सांधा जमिनीलगत असतोय," आत्ती म्हणाली. "ह्याचा वीतभर वर हाय. हे सरकारी न्हवं. हे मी बांधलंय."

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तू बांधलंस?" त्यांनी विचारलं.

"तुझा ट्रक आला त्या साली वरचा बांध घालायचा ऱ्हायलता. बत्तीस रोपं तू फुडच्या पावसासाठी मागं ठेवलीस आणि मला म्हणालास, ह्यांच्याकडं बघ. आईला घेऊन बेळगावला दवाखान्यात गेलास. धा-बारा दिस धो धो पाऊस. पिशव्यांत पाणी साठलं. तीस रोपं कुजली. दोन वाचली." आत्ती झाडाशीच बोलत होती. "त्या आधी कृषीखात्याचा माणूस शाळेच्या अंगणात गड्यांना कलम शिकवत हुता, तवा मी चहा न्हेलता. कप गोळा करत करत बघितलं. काडी कशी तासायची, पाचर कशी बसवायची. दिसलं सगळं. सांधा किती वर घ्यायचा ते काय ऐकू आलं न्हाय. म्हणून म्या आपला वीतभर घेतला."

"आणि खुंटाला रोपं कुठली घेतलीस?" क्रांतीनं घाईघाईनं विचारलं. कलमाचं खालचं, मुळासकटचं रोप म्हणजे खुंट. चांगल्या जातीची काडी त्याच्यावर बांधतात. सगळे जण काडी कुठली ते विचारतात. खुंटाला कुणी नाव विचारत नाही.

"झऱ्यावरचं जुनं झाड हाय न्हवं, आंबट बोंडाचं? त्याच्या बुडाला पडलेलं बी येचून आणलं. काड्या ह्याच्याच बागेतल्या घेतल्या. दुधाच्या पिशव्या फाडून त्याच्या पट्ट्यांनी बांधलं. साठ बांधली, तीस लागली. दुसऱ्या पावसाळ्यात ह्यानं पिशव्या मोजल्या, बत्तीस भरल्या. वर एकतीस लावली, एक खाली रोप मरून नांगं पडलतं तिथं लावलं. ते हे."

वर्षाराणीनं मनातल्या मनात हिशेब केला असावा. "म्हणजे वरच्या बांधावर एकोणतीस तुमची, आणि दोन सरकारी."

"व्हय."

ती चढणीला लागली. बाकीचे तिच्यामागं. मेलेल्या दोन खोडांपाशी ती ओणवी झाली, पालापाचोळा बाजूला केला. दोन्हींचा सांधा पार जमिनीत गेलेला. मग शेजारचं झाड, त्याच्या पुढचं, त्याच्या पुढचं. वीतभर वर गाठ. प्रत्येक झाडाला. एका झाडाच्या बुंध्यावर मोठी जखम होती, रोठ्यानं टाचेएवढी साल खाल्लेली, पण कडेनं नवी साल चढून ती भरून आली होती.

क्रांतीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत होती. रोठ्याचा भुंगेरा अंडी घालतो ती जास्त करून जमिनीलगतच्या वीतभर सालीत. सरकारी कलमांत ती साल वरच्या काडीची, मऊ, गोड. आत्तीच्या झाडांत ती खुंटाची. शाळेच्या अंगणात एक वाक्य ऐकू आलं नाही, म्हणून किड्याच्या वाटेत वीतभर भिंत उभी राहिली.

"आत्ती," ती म्हणाली, "अगं, तीस वर्सं मी लोकांना सांगतीया की मला कलमं बांधता येतात, आणि घरात तू..."

"तू विचारलंस कवा?" आत्ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जे होतं ते तिनं सांगितलं.

"आता काय करायचं ते मला कळलंय," क्रांती विजयसिंहाकडे वळली. "त्या झऱ्यावरच्या झाडाचं बी लावायचं. सगळी रोपं आईवर जातील असं न्हाय, मला ठावं हाय. ज्यांचा डिंक लगेच वाहतो ती ठेवायची, बाकीची काढायची. त्यांच्यावर आपलीच काडी बांधायची, वीतभर वर. दादा, ते झाड..."

ती थांबली, कारण विजयसिंहाचा चेहरा उतरला होता. त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं की खालची घरघर थांबली आहे.

"दादा, खाली कसलं यंत्र हाय?"

"जेसीबी," तो म्हणाला. "खोल्यांकडं जायचा रस्ता झऱ्याच्या अंगानंच काढायचा हुता. सकाळीच लावून दिला. क्रांते, आईशपथ, मला काय ठावं?"

ती पळाली. उतारावर एक चप्पल निसटली ती तिनं तिथंच सोडली. झऱ्यापाशी पोचली तेव्हा जेसीबीचा ऑपरेटर सावलीला बसून भाकरी सोडत होता, आणि झाड आडवं होतं.

किती मोठं होतं ते उभं असताना कधी जाणवलं नव्हतं. अर्धी मुळं हवेत, त्यांना तांबडी माती लोंबत होती. फांद्या झऱ्याच्या पाण्यात गेल्या होत्या आणि पिवळी बोंडं प्रवाहात डुचमळत होती.

"ताई, झाड लई जुनं हुतं," ऑपरेटर उठून उभा राहिला, "पण ढकलल्या ढकलल्या पडलं. काय चुकलं का?"

क्रांतीला भावाला काहीतरी असं बोलायचं होतं की त्यानं जन्मभर विसरू नये. शब्द जिभेवर आले होते. विजयसिंह धापा टाकत आला, आडव्या झाडाकडे बघून मटकन दगडावर बसला, आणि ते शब्द तिनं गिळले. तिची नजर बोंडांवर होती. प्रत्येक बोंडाखाली एक बी. एप्रिलचा महिना होता आणि झाड शेंड्यापर्यंत लगडलेलं होतं.

"दादा, बसू नगोस. शर्ट काढ."

"आं?"

"बनियनवर पाण्यात उतर. बिया वाहून चालल्याती. एक बी जाऊ द्यायचं न्हाय."

तो उतरला. शाहूपुरीत वातानुकूलित गाळ्यात बसणारा माणूस मांडीभर पाण्यात उभा राहून बोंडं गोळा करू लागला. वर्षाराणीनं साडी खोचली आणि फांद्यांवरची तोडायला सुरुवात केली. ऑपरेटरनं भाकरी गुंडाळून ठेवली आणि न सांगता मदतीला आला.

शालूआत्ती सगळ्यात शेवटी आली, आबांना हाताला धरून. तिनं झाडाला एक फेरी मारली. जमिनीत असलेल्या मुळांपाशी वाकून माती चाचपली.

"पावणं," तिनं ऑपरेटरला हाक मारली, आणि त्या हाकेत असा काही जोर होता की बिचारा हातातली बोंडं टाकून धावला. "निम्मी मुळं मातीत हाईत. ह्या वरच्या फांद्या कापून टाका, भार हलका करा. मग तुमच्या यंत्रानं उघड्या मुळांवर माती ओढा, चांगली कमरेएवढी. आणि ह्या तीन फांद्या भुईला टेकल्यात त्या तशाच ऱ्हाऊ द्या, त्यांच्यावर बी माती घाला. काजू आडवा पडला म्हणून मरत न्हाय. भुईवर हातरला तर हातरून जगतोय."

"जगंल, आजी?"

"जगंल. न जगायला काय झालं त्याला?"

ऑपरेटरनं विजयसिंहाकडे बघितलं. यंत्र त्यानं बोलावलं होतं. पाण्यात उभ्या विजयसिंहानं ओल्या हातानं खूण केली, आत्ती सांगतीया तसं कर.

जेसीबी पुन्हा घरघरला. क्रांती बियांचं पोतं काठावर ओढत होती तेव्हा भाऊ पाण्यातनं बाहेर आला.

"पार्टनरला सांगतो, रस्ता न्हाय आणि जागा बी न्हाय," तो म्हणाला. "पण क्रांते, खरं सांग. किती वर्सं लागतील?"

"खालचा पट्टा भरून निघायला पाच."

"आणि तवर नवी झाडं बी रोठ्यानं खाल्ली तर?"

"तर जेसीबी आणायला मी स्वतः जाईन. पण न्हाय खाणार." इतक्या खात्रीनं ती गेल्या चार वर्षांत बोलली नव्हती. "तू फकस्त एक कर. तुझ्याकडं बारा गावचे काजूवाले येतात. त्यांना सांग, जुन्या आंबट झाडांना कुऱ्हाड लावायच्या आधी गावड्यांच्या क्रांतीला बोलवा. असली झाडं आणखी असणार. मला ती बघायचीत."

"सांगतो," विजयसिंह म्हणाला. त्याच्यातला व्यापारी जागा होत होता. "आणि तुझ्या कलमांना मी गिऱ्हाईक बघतो. फकस्त वीतभर वरच्या सांध्याची. दुसरी न्हाईत."

वर्षाराणीनं दोघांकडे बघून मान हलवली, आणि चष्म्यावरचं पाणी पदराला पुसलं.

दुपारी पडवीत पोती उपडी केली. बोंडं एकीकडे, बिया एकीकडे, असं निवडायचं काम होतं. आबा दारात उभे होते. तालुक्यात पहिली काजूची बाग त्यांची, पहिला सत्कार त्यांचा. सत्काराच्या दिवशी त्यांनी वरच्या बांधावरच्याच झाडांची बोंडं ताटात नेली होती, कारण ती देखणी होती. आता ते बहिणीच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते.

"शाले," ते म्हणाले. घरातली सगळी माणसं थांबली, कारण या नावानं तिला हाक मारून जमाना झाला होता. "रोपं कुजली तवा मला का सांगितलं न्हाईस?"

शालूआत्तीचा हात थांबला नाही. "मारलं असतंस."

क्रांतीला वाटलं, आता आबा नेहमीसारखे ओरडतील, नाहीतर पाठ फिरवून जातील.

"व्हय," आबा म्हणाले. "मारलं असतं."

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, गुडघ्यावर हात दाबत दाबत ते खाली बसले, आणि ढिगातलं एक बोंड उचलून त्याचं बी पिळून काढलं. ते कुठं टाकायचं ते कळेना, तसं तळहातावर धरून राहिले.

"हे चालंल काय, बघ," ते बहिणीला म्हणाले.

तिनं बी घेतलं, उजेडाला धरलं, नखानं टोचलं. "पोकळ हाय," ती म्हणाली. "टाकून दे. दुसरं बघ. जड लागंल तेच ठेवायचं."

त्यांनी ते टाकून दिलं आणि दुसरं उचललं.